गुरुलिंगअप्पाला हरवणारी फटफटी

लातुरात गंजगोलाईपासून जरा आत, गुळाच्या आडतींच्या मागं गुरुलिंगअप्पाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, बसायला बाभळीचा एक ओंडका आणि कपाळभर विभूती लावलेला अप्पा. त्याला लागूनच माझं दुकान. मी व्यंकट, गाड्यांची सीटं शिवतो. आमच्या दोघांच्या मध्ये भिंत नव्हती, रेक्झिनचा एक पडदा होता, आणि तोही मीच शिवलेला. त्यामुळं अप्पाचं सगळं आयुष्य मला ऐकू यायचं आणि माझी कटकट त्याला.

अप्पाचं घराणं करडीच्या घाण्याचं. बाप धोंडप्पा बैल जुंपून तेल काढायचा. पुढं गावात विजेच्या तेलगिरण्या आल्या, घाणा बसला, आणि अप्पा त्याच गिरण्यांतल्या यंत्रांच्या नादी लागून मिस्त्री झाला. बापाचा विषय निघाला की म्हणायचा, "त्यांनी जन्मभर तेल काढलं, मी जन्मभर तेल थांबवून राहिलो." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडायचं, की नव्या गिऱ्हाईकाला तो ते ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

त्याचा जीव होता जुन्या विलायती फटफट्यांवर. निजामाच्या काळात अंमलदारांनी, जहागीरदारांनी घेतलेल्या, पोलीस ॲक्शननंतर लिलावात निघून कुणाकुणाच्या गोठ्यात जाऊन पडलेल्या. त्या सगळ्यांना म्हातारपणी एकच खोड जडायची, वरून तेल गळायचं. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं. त्याच्याखाली दोन दांड्या सारख्या उठाबशा काढतात आणि त्यांना सतत तेल लागतं. झाकणाखालचं कागदाचं पॅकिंग कुजलं किंवा झाकणच वाकलं, की ते तेल बाहेर येऊन इंजिनाच्या पंखांवरून खाली ओघळतं. मग मालकाची पँट खराब होते, मालक चिडतो आणि पाना घेऊन झाकणाचे बोल्ट जीव खाऊन आवळतो. अशी आवळलेली गाडी आली की अप्पाचा तोल जायचा. आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट झाकण आणखी वाकतं, हे तो मालकाला अशा सुरात सांगायचा, की मालकानं जणू पोटच्या पोराचा गळा दाबला होता.

स्वतःचं काम तो निवांत करायचा. झाकण काचेवर उलटं ठेवून घासून सपाट करायचं. तांब्याचे वायसर लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचे. जाड कागदाचं पॅकिंग हातानं कापून तेलात भिजवायचं. बोल्ट आवळायचे ते एका बाजूनं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे. आणि शेवटी राख. शेणीची राख फडक्यातून चाळून तो इंजिनाच्या डोक्यावर भुरभुरायचा आणि गाडी चालवून आणायचा. जिथून तेल येत असेल तिथं राख काळी पडायची, चोर सापडायचा. ही राख बघून लोकांना वाटायचं की अप्पा गाडीला विभूती लावतो. काही जण तर हात जोडायचे. त्याची बायको गुरम्मा मात्र या गोष्टीला फार जपायची. देवघरातल्या विभूतीला गॅरेजचा हात लागायचा नाही, राखेचा डबा वेगळा, असा तिचा दंडक होता.

"अप्पाची गाडी गळत नाही," असं लातुरात म्हणायचे आणि ते खरं होतं. माझ्यासारख्या खवचट माणसालाही त्यात खोट काढता आली नाही.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादपासून आम्ही सुटलो. पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ झाली, कारण जो तो 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहून घेत होता. नवी ऑफिसं आली, नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर चकचकीत स्कूटरी. माझा धंदा वाढला. अप्पाचा घटला असता तर नवल नव्हतं, पण तो स्कूटरीही करायचा. फक्त स्कूटर करताना त्याचं तोंड पथ्याचं जेवल्यासारखं असायचं. चार स्कूटरींनंतर एखादी विलायती फटफटी आली, की तो आधी हात धुवायचा.

जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक. औशाकडं, निलंग्याकडं जनावरांच्या छावण्या लागल्या, आणि त्या छावण्यांवर फिरणारा ग्यानोबा आमच्या गोष्टीत आला.

ग्यानोबा सरकारी पशुवैद्यकीय खात्यात होता. पदानं तो डॉक्टर नव्हता, पण ज्याच्या हातात सुई आहे त्याला आमच्याकडं डॉक्टरच म्हणतात. उंच, कडक इस्त्रीचा, बोलायला तुटक. छावण्यांवर फिरायला त्याच्याकडं वडलांची जुनी विलायती फटफटी होती. गाडी म्हणजे एक नंबर. टाकीवरची सोनेरी रेघसुद्धा शाबूत. ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा अप्पा तिच्याभोवती असा फिरला, की पोरीला बघायला आलेल्या सासूची मला आठवण झाली.

तक्रार साधी होती, वरून तेल येतं. अप्पानं पॅकिंग बदललं. गाडी गेली आणि पुढच्या आठवड्यात परत आली, तेल पुन्हा येतच होतं. अप्पानं झाकण काचेवर घासलं, वायसर तापवले. पाण्याची इतकी मारामार होती, की ते विझवायलाही पाणी नव्हतं. ते त्यानं वाऱ्यावरच गार केले. गाडी पुन्हा परत आली. मग त्यानं इंजिनाचं श्वास सोडायचं छिद्र तपासलं, कारण ते बुजलं की आतला दाब तेलाला बाहेर ढकलतो. ते स्वच्छ होतं. तरीही दांड्यांच्या नळ्यांची रबरं बदलली. गाडी परत आली.

एक अडचण होती ती तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. ग्यानोबा टापटिपीचा माणूस. गॅरेजात आणायच्या आधी तो घासलेटानं इंजिन लख्ख पुसून आणायचा. आंघोळ न घातलेलं जनावर दवाखान्यात आणलेलं त्याला खपायचं नाही, तोच नियम गाडीला. त्यामुळं अप्पाला गळती नेहमी ऐकूनच कळायची, तिचा माग कधी दिसायचा नाही.

गॅरेजासमोर शिवमूर्तीचा चहाचा गाडा होता. शिवमूर्ती माणूस चांगला, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तिसऱ्यांदा गाडी परत आली तेव्हा गाड्यावर पाच-सात जण होते आणि शिवमूर्तीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की अप्पा, आता ह्या गाडीखाली गाडगं बांधायचं का? लोक हसले. मीही हसलो. अप्पा हसला नाही. त्यानं बनियनच्या आतून गळ्यातलं लिंग बाहेर काढलं, चांदीच्या करंड्यासकट मुठीत धरलं, आणि मला हसू आवरावं लागलं. लिंगायत माणूस लिंग हातात धरून बोलतो तेव्हा ते बोलणं परत घेता येत नाही.

अप्पा म्हणाला, "उद्या मी ही गाडी करून देतो. त्याच्यानंतर हिच्याखाली तेलाचा एक थेंब दिसला, तर गुरुलिंग पुन्हा विलायती गाडीला हात लावणार न्हाई."

शिवमूर्तीचा चेहरा पडला. त्याला बिचाऱ्याला एवढं नको होतं. घरी गुरम्मानं अप्पाला दोन दिवस धारेवर धरलं. शपथ कशाची घ्यावी याला काही ताळतंत्र असावं की नाही, हा तिचा सवाल होता आणि तो मला पटला. कारण त्या गाड्यांतून अप्पाला बाहेर काढलं असतं, तर त्याच्यात उरलं काय असतं? स्कूटरी आणि ते पथ्याचं तोंड.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं, राख भुरभुरली आणि ग्यानोबाला ताकीद दिली, की आता हिला घासलेट लावायचं नाही, फडकं लावायचं नाही, रोज संध्याकाळी घरी जाताना दाखवून जायची. ग्यानोबाला राखेतली गाडी चालवणं जिवावर आलं, पण त्यानं ऐकलं. सोमवार, मंगळवार राख कोरडी. गुरुवारपर्यंत अप्पाच्या चालीत जोर आला. शुक्रवारी त्यानं शिवमूर्तीकडून सगळ्यांना चहा पाजला.

शनिवारी संध्याकाळी गाडी आली तेव्हा राखेचा चिखल झाला होता.

ग्यानोबा चहा प्यायला गेला आणि अप्पा इंजिनापाशी वाकला. मीही वाकलो. चिखल झाकणाच्या कडेला नव्हता. तो झाकणाच्या अगदी माथ्यावर होता, जिथं सांधा नाही, बोल्ट नाही, काही नाही. सगळं तेल राखेनं पिऊन घेतलं होतं, म्हणून जमिनीवर थेंब पडला नव्हता. अप्पानं चिमूटभर चिखल बोटांत चोळला, नाकापाशी नेला आणि पडद्याआड मला ओढलं.

"व्यंकट, हे इंजिनातलं तेल न्हाई. हे वरून पडलंय. करडीचं हाय."

घाण्यावर वाढलेल्या माणसाच्या नाकावर मी शंका कशाला घेऊ? माझं डोकं मात्र लगेच पेटलं. शपथेचं सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. कुणीतरी अप्पाला उताणा पाडायला मुद्दाम गाडीवर तेल ओतत होतं. मी तीन नावंसुद्धा घेतली, तिन्ही मिस्त्र्यांची. अप्पालाही तेच वाटलं. त्यानं ग्यानोबाला काही कळू दिलं नाही. नवी राख लावली आणि अजून एक आठवडा बघू म्हणाला. तो आठवडाही शुक्रवारपर्यंत कोरडा गेला. चोर शनिवारचा होता. तेव्हा शनिवारी दिवस उजाडायलाच आम्ही दोघं ग्यानोबाच्या घराकडं निघालो. माझ्या हातात सीट ठोकायची हातोडी होती. ती कशाला घेतली होती ते विचारू नका.

ग्यानोबा दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा, तो आणि त्याची आई. पुढं अंगण, अंगणात फटफटी, कडेला कोरडा पडलेला हौद. आम्ही हौदाआड उभं राहिलो. आत ग्यानोबाच्या आंघोळीचा आवाज येत होता, तांब्या-दीड तांब्याची आंघोळ, तेव्हा सगळ्यांची तशीच असायची. तेवढ्यात दारातून त्याची आई, केवळाबाई, बाहेर आली. वाळलेली, पाठीत वाकलेली म्हातारी, हातात तेलाची पळी. तिनं मागं वळून कानोसा घेतला. गाडीपाशी आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पळीतलं तेल इंजिनाच्या माथ्यावर सोडलं, मारुतीच्या मूर्तीवर सोडतात तसं. मग वाकून जमिनीकडं बघत राहिली. राखेनं तेल पिऊन टाकलं, खाली काही पडलं नाही. म्हातारी कावरीबावरी झाली. परत आत जाऊन तिनं आणखी पळीभर आणलं.

मी हातोडी पाठीमागं लपवली.

ग्यानोबा कामावर जाईपर्यंत आम्ही कोपऱ्यावर थांबलो आणि मग अंगणात गेलो. आम्हाला बघताच ती समजली. पदर पुढं ओढून उंबऱ्यावर बसली. अप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "माय, भिऊ नका. मी गाडीचा मिस्त्री हाय."

मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा सडकेच्या कामावर मुकादम होता. रोज याच फटफटीवर जायचा. ती दर शनिवारी मारुतीला तेल घालायची, कधी चुकायची नाही. त्या दुष्काळात एका शनिवारी घरात तेलच नव्हतं. शेजारी मागायला तिला लाज वाटली, आणि एका शनिवारानं काय होतंय म्हणून तिनं सोडून दिलं. त्याच दिवशी नव्या सडकेच्या मोकळ्या खडीवर फटफटी घसरली आणि तिचा नवरा गेला. ग्यानोबा तेव्हा कॉलेजात होता. त्यानं बापाच्या दहाव्याला रागानं घरातला देव्हारा बांधून माळ्यावर टाकला. इतकी वर्षं तेल ओतलंस, काय झालं, असं आईला विचारलं. त्या दिवशी तेल घातलंच नव्हतं, हे तिनं त्याला आजवर सांगितलं नव्हतं.

"आता त्योच त्या गाडीवर जातो," ती म्हणाली. "दुष्काळ बी तसाच पडलाय. देवळापस्तोर माजं पाय जात न्हाईत. मग मी म्हणलं, गाडीलाच घालावं."

अप्पानं विचारलं, तेल कुठून आणता? कारण करडीचं तेल त्या वर्षी इतकं महाग होतं, की लोक फोडणीला थेंब मोजायचे. ती हातानं उंबऱ्यावरची धूळ पुसायला लागली. मी आत चुलीपाशी बघितलं. सकाळची भाकरी होती आणि कोरडं तिखट. ती आठवडाभर आपल्या वाट्याचं तेल खात नव्हती, एवढंच. मला तिथं जो हुंदका आला तो मी खोकला म्हणून खपवला.

अप्पानं तिला समजावलं, की इंजिनावर तेल नको, ते तापून चिकट होतं. सीटखाली घाला, चाकाच्या मधल्या तुंब्यावर घाला. पण तिचा एक नियम होता. देवाला घातलेलं तेल ओघळून जमिनीला लागलं पाहिजे, तरच ते पावतं. तिच्या आईनं तसं सांगितलं होतं. अप्पानं गाडी उभी असायची त्या जागेकडं, तिथल्या धुळीकडं बघितलं. मग म्हणाला, "स्टँडच्या पिनीवर घाला, माय. गाडीचे पाय तिथं असतेत. तिथनं थेट जमिनीला लागतंय. आन पिन बी करकरती, तिला तेल पाहिजेच हाय."

म्हातारी खुलली. पायावर घालायचं, हे तिला एकदम पटलं. आम्ही निघताना तिनं अप्पाचा हात धरला. ग्यानोबाला सांगू नका, म्हणाली, तो गाडी विकून टाकील आणि माझ्या जेवणावर पहारा बसवील. अप्पानं मान डोलावली.

वाटेत मी भांडलो. अगदी कडाक्यानं भांडलो. स्टँडवरचा थेंब जमिनीवर पडणार, दिवसभर गाडी जिथं उभी राहील तिथं पडणार, शिवमूर्तीच्या गाड्यासमोरही पडणार. मग शपथेचं काय? त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं काम घालवलं होतं. मी म्हणालो, इंजिन गळत नाही, तेव्हा शपथ मोडत नाही. तो म्हणाला, शपथ थेंबाची घेतली होती. मी म्हणालो, मग खरं काय ते गाड्यावर सांगून टाक. त्यावर तो रस्त्यात थांबला.

"तिनं एक शनिवार चुकवला म्हणून आज कोरडं खाऊन राहतीय ती. तिचं नाव मी च्याच्या गाड्यावर घेऊ व्हय?"

मी हातोडी काखेत मारली आणि चालायला लागलो. राग मात्र होता, आणि तो अप्पावर नव्हता हे मला गॅरेजापर्यंत पोचता पोचता कळलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ग्यानोबानं गाडी नेहमीच्या जागी लावली. गाड्यावर तीच मंडळी होती. थोड्या वेळानं स्टँडखाली धुळीत एक गोल डाग उमटला. सगळ्यांनी पाहिला आणि सगळे आपापल्या चहात बघायला लागले. शिवमूर्ती तर पाठ फिरवून उगाच कपबशा धुवायला लागला. अप्पानंच उठून डागाकडं बोट केलं. लिंग डोळ्यांना लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गळतीय. माझ्याच्यानं झालं न्हाई."

विलायती गाड्यांना वेगळ्या मापाचे पाने लागतात, दुसऱ्या कुठल्याही गाडीला ते चालत नाहीत. अप्पानं ते फडक्यात गुंडाळून ग्यानोबाच्या हातात ठेवले. गाडी आता तुमची तुम्ही करा, मी तोंडानं सांगत जाईन, म्हणाला. ग्यानोबा गोंधळला. एवढ्याशा थेंबासाठी एवढं काय, म्हणाला. पण पाने त्यानं घेतले.

तेव्हापासून आमच्या गॅरेजात एक अजब तमाशा सुरू झाला. महिन्या-दोन महिन्यांनी ग्यानोबा यायचा, बाह्या सरसावून गाडी उघडायचा, आणि अप्पा बाभळीच्या ओंडक्यावर बसून त्याला सांगायचा. समोरचा बोल्ट घ्या. आता त्याच्या समोरचा. बास, बास, डॉक्टर, ती म्हैस न्हाई. अप्पाचे हात शिवशिवायचे ते दिसायचं. शेवटी तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. मी हसायचो आणि सुई बोटात टोचून घ्यायचो.

असंच एकदा ग्यानोबानं वरचं झाकण काढलं आणि तो थांबला. झाकणाची कड खडखडीत कोरडी होती. कुठूनही तेल आलेलं नव्हतं. तो उठला, मागं गेला, स्टँडच्या पिनीवर बोट फिरवून त्यानं वास घेतला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. अप्पा ओंडक्यावरून पत्र्याकडं बघत होता.

"आई अजून शनिवार करती का हो, अप्पा?"

अप्पा म्हणाला, मला काय ठाऊक, मी मिस्त्री आहे. ग्यानोबानं माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी शिवणयंत्र चालू केलं.

ग्यानोबाला सगळं कळलं ते असं. तो तिथल्या तिथं उठून चहाच्या गाड्यावर सांगायला निघाला. अप्पाचं काम चोख होतं, इंजिन गळत नाही, वगैरे. अप्पानं त्याला हाताला धरून बसवलं. मग थेंब कुणाचा, हे लोक विचारतील, तेव्हा काय सांगणार? ग्यानोबा परत बसला. नंतर एकदा त्यानंच मला सांगितलं, की शनिवारी तो आंघोळ मुद्दाम लांबवतो. अंगावर घ्यायला पाणी नसलं तर रिकामा तांब्या बादलीत वाजवत बसतो. आणि छावणीवाल्यांनी दिलं अशी थाप मारून घरात तेलाचा डबा आणून ठेवतो, म्हणजे आईला भाकरीबरोबर खाता येईल. आईला ती थाप कळली होती की नाही, देव जाणे. त्या घरात तोवर सगळेच एकमेकांना फसवायला शिकले होते.

दुष्काळ सरला. छावण्या उठल्या. शपथेनंतर अप्पाकडं बाहेरून एक-दोन फटफट्या आल्या, त्या त्यानं परत पाठवल्या. स्कूटरी करत राहिला. लोक म्हणायचे, अप्पाला एका गाडीनं हरवलं. मी ते ऐकून घ्यायचो आणि त्या माणसाचं सीट जरा वाकडं शिवायचो.

केवळाबाई एका थंडीत गेली. झोपेतच गेली. दहावं-बारावं झाल्यावर ग्यानोबा पहिल्यांदा गॅरेजात आला तो शनिवार होता. डोकं तासलेलं, चेहरा उतरलेला. नेहमीच्या जागी गाडी लावली आणि ओंडक्यावर अप्पाशेजारी बसला. शिवमूर्ती तीन ग्लास चहा घेऊन आला. सवयीनं त्यानं गाडीखाली बघितलं. धूळ कोरडी होती.

"डॉक्टर, गळती थांबली की," तो खरंच आनंदानं म्हणाला. "कुणाकडनं करून घेतली?"

ग्यानोबानं स्टँडकडं बघितलं. मग तो एवढा मोठा माणूस, गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. शिवमूर्तीला कळेना आपण काय वावगं बोललो. तो ग्लास तसेच ठेवून गाड्याकडं पळाला.

अप्पानं ग्यानोबाच्या पाठीवर हात ठेवला आणि मला करडीचं तेल आणायला सांगितलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वाटीत आणलं. अप्पा उठला. हात धुतले, धोतराला पुसले. गाडीपाशी जाऊन वाकला, पण गाडीला बोट लागू दिलं नाही. वाटी वर धरून वरूनच धार सोडली, अगदी बारीक, स्टँडच्या पिनीवर. तेल पिनीवरून फिरलं, खाली लोंबलं आणि धुळीत टपकलं.

शिवमूर्ती घाबरत घाबरत ग्लास न्यायला परत आला, तेव्हा अप्पानं त्याला तो डाग दाखवला.

"थांबली कुठं, शिवमूर्ती? बघ की. गळतीय अजून."